आत्या विमान पाहत होती

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाला लागून आहे. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं दिवसभर आमच्या धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालतात. गावाला आता त्यांचा आवाज ऐकूही येत नाही. फक्त माझ्या आत्याला तो कधी जुना झाला नाही. रोवणीच्या चिखलात उभी असली तरी ती कंबर सरळ करायची आणि डोळे बारीक करून, ओठ आवळून, विमान दिसेनासं होईपर्यंत पाहत राहायची.

वहिनी ओरडायची, "आत्याबाई, तुमाले न्यायले आलं का ते?"

"येईन ना एखाद दिवशी. मंग तू एकटीच रोव."

लग्नानंतर चौथ्या वर्षी आत्याचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी आली आणि माझे वडील गेल्यावर माझ्या थोरल्या भावाकडेच राहिली. भावाच्या मुलीला, माझ्या पुतणीला, तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं.

माझं गोंदियात फोटोचं दुकान आहे. मी चाळिशीला टेकलो तेव्हा गिऱ्हाइकांना फोटो पुरेनासे झाले. सगळ्यांना लग्नाचा व्हिडिओ सिनेमासारखा हवा होता. म्हणून रायपूरच्या सिनेमांत काम करून आलेल्या एका माणसाकडे मी एडिटिंग शिकायला जाऊ लागलो. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो.

पहिल्या दिवशी त्यांनी एका वधूपित्याचा चेहरा दाखवला. अगदी कोरा चेहरा. त्याच्यापुढे जेवणाच्या पंगतीचं दृश्य जोडलं, तेव्हा तो माणूस भुकेला वाटला. मग पंगत काढून मुलगी गाडीत बसताना दाखवली. आता तोच माणूस रडू दाबताना दिसला.

"चेहरा वही है भाई," उस्ताद हसले. "बाजूवाला शॉट बोलता है. अब आँख बंद करके सुन."

त्यांनी मागची सनई काढून टाकली आणि रिकाम्या सभागृहातल्या पंख्याचा आवाज तेवढा ठेवला. बाप मेल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, मला त्या दिवशी फार आनंद झाला. माणसाला हात न लावता रडवता येतं, घाबरवता येतं, हे मला नव्यानेच कळलं होतं.

थोड्याच महिन्यांत पुतणीचं लग्न झालं. तिचा व्हिडिओ मी स्वतः बनवायला घेतला. उस्तादांनी अर्धा पाहून तोंड वाकडं केलं. "मिठाई ही मिठाई है इसमें. थोड़ा डर डाल, तब बिदाई पे रोएँगे."

मी भीती शोधू लागलो आणि मला ती हळदीच्या सकाळच्या चित्रीकरणात सापडली. आत्या विधवा, म्हणून हळद लावायला पुढे न जाता मांडवाच्या खांबाजवळ एकटी उभी होती. तेवढ्यात वरून विमान गेलं आणि ते समोर झाडांमागे उतरेपर्यंत तिने पाहिलं. बारीक डोळे, आवळलेले ओठ. नऊ सेकंद.

त्या नजरेआधी मी हळदीने माखलेली, हसणारी पुतणी जोडली. नजरेनंतर, कुणीतरी हाक मारली म्हणून दचकून वळलेली पुतणी. विमानाचा आवाज त्यातून वेगळा काढला. मग तोच आवाज इतका संथ आणि खोल केला की तो विमानाचा राहिला नाही, जमिनीखाली काहीतरी घुमत असल्यासारखा झाला, आणि तो मी आत्याच्या चेहऱ्याखाली घातला. दोन दिवस लागले.

उस्तादांनी पाठ थोपटली. "अब बना सिनेमा."

आत्या त्यात कशी दिसते ते मला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मुलंबाळं नसलेली विधवा हळदीच्या नवरीकडे तसं पाहते, याचा आमच्याकडे काय अर्थ लावतात तेही मला माहीत होतं. मी मनाशी म्हटलं, नऊ सेकंद भीती, मग बिदाई, मग सगळे रडतील आणि विसरतील.

घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. त्या जागी वहिनीने आत्याकडे वळून पाहिलं. बिदाईला सगळे रडले, आत्यासुद्धा. पुतणीच्या सासरकडून मला लागोपाठ तीन लग्नांचं काम मिळालं.

चार महिन्यांनी पुतणीचा गर्भ पडला.

मी भावाला भेटायला गावी गेलो तेव्हा वहिनीने टीव्हीवर तो व्हिडिओ लावला होता. शेजारच्या बाया जमल्या होत्या. त्या जागी वहिनीने रिमोट दाबून चित्र थांबवलं.

"पाह्य, पाह्य, कशी पाहून राहिली पोरीले!"

"माय वो, अंगावर काटा आला."

"थो आवाज आइकला का? नजर लागली पोरीले, उगाच येते का काटा?"

तो काटा मी बनवला होता. मी खाटेवर बसून चहा पीत होतो.

आत्या ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली आणि टीव्हीसमोर खाली बसली. बराच वेळ तिने स्वतःचा चेहरा पाहिला. मग माझ्याकडे वळली.

"बाबू, मी अशी पाहून राहिली होती का रे?"

सगळ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या. मला एवढंच म्हणायचं होतं, की आत्या विमान पाहत होती. पण त्या बायांच्या घरी लग्नाच्या मुली होत्या, आणि माझ्या दुकानाचं नाव त्याच व्हिडिओने झालं होतं.

"क्यामेऱ्यात जे आलं ते आलं, आत्या," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "असन मंग," म्हणाली. "मनात काय असते ते मानसाले कुठं समजते."

भावाने तिला देवरीच्या बसमध्ये बसवलं, मेलेल्या नवऱ्याच्या पुतण्याकडे कायमची राहायला. निघण्याआधी तिने पुतणीला फोन करून माफी मागितली. पुतणीने पुरतं ऐकून न घेता फोन ठेवला.

दोन वर्षांनी पुतणीला मुलगा झाला. बारशाला सगळा गोतावळा आला, आत्याला कुणी बोलावलं नाही. पाळण्याभोवती गाणी चालू असताना विमान गेलं आणि वर कुणीच पाहिलं नाही. त्याच आठवड्यात मी मूळ चित्रीकरण वहिनीला दाखवलं. त्यात विमानाचा खरा आवाज होता, मांडवातली धावपळ होती, आणि वहिनीचंच हसणं होतं. "आत्याबाई, आलं तुमचं इमान!"

वहिनीने स्वतःचा आवाज ऐकला आणि लॅपटॉप मिटला.

"तवा काऊन नाही सांगितलं भाऊजी?"

मी लॅपटॉप पिशवीत भरू लागलो.

"आता पोरगं आहे घरात," ती म्हणाली. "उद्या त्याले काही झालं तं मी पुन्हा तिच्याकडंच पाहीन. राहू द्या तिले तिकडंच."

मग मी देवरीला गेलो. आत्या पडवीत मोहफुलं निवडत होती. मी दिसताच तिने पदर नाकापर्यंत ओढला.

"माझ्यापुढे कायले पदर घेतेस?"

"तुझ्यासाठी नाही रे. अंगणात लेकरं खेळून राहिलीत."

मी तिच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला. पदर जरा वर करून तिने ते नऊ सेकंद पाहिले, आवाजासकट. पुन्हा लावायला सांगितलं. वहिनीच्या बोलण्याबरोबर तिचे ओठ हलले.

"चांगलं बनवलं रे. इमान बी टाकलं."

"बनवलं नाही आत्या. हेच खरं आहे. खोटं मी तेव्हा बनवलं होतं. तू विमानच पाहत होतीस."

तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं, लहानपणी ताप आल्यावर थोपटायची तसं. "मले बरं वाटावं म्हनून एवढ्या दूर आला. जेवून जाय."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. ती हो हो म्हणत राहिली आणि उठली. अंगणातून लेकरांचा गलका येत होता. तिने पदर परत खाली ओढला, आणि जमीन चाचपत माझ्यापुढे ताट ठेवलं.