घोंगडी ओळखणारे चकवे

तळ्याचं नाव सांगणार नाही. वडशाहून छकड्यानं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर ते आहे, एवढं पुरे. त्या तळ्याच्या पाळीवर डोमाभाऊ ढीवर दिवाळीपासून होळीपर्यंत रोज सकाळी एकच घोंगडी पांघरून बसायचे. ती ते कधी धूत नसत. तिला माशांचा असा वास यायचा की मी, अमरावतीकडून आलेला नवा मास्तर, पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून उभा राहिलो.

त्यांनी माझ्या रुमालाकडे नाही, सदऱ्याकडे पाहिलं. "गुर्जी, हे पांढरं घालून येऊ नका जी. ते पाहा, सरकले."

पाण्यावरचे चकवे, ती बदकासारखी नारिंगी पाखरं, खरंच आत सरकले होते. थंडी पडली की ते कुठून तरी उत्तरेकडून यायचे आणि उन्हं तापली की निघून जायचे.

"पाखरू मानसाचं तोंड नाई पायत," डोमाभाऊ म्हणाले. "आंगावरचं पायते. एकच घोंगडी, एकच जागा, एकच चाल. बारा हिवाळे लागले मले. तवा कुठी वीस पावलांवर बसू देऊन राह्यले."

मालगुजाराच्या काळात तळ्याची राखण त्यांच्याकडे होती. मालगुजारी गेली, तळं सरकारचं झालं, राखणदार कोणाला नकोसा झाला. हे आपले बसतच राहिले. चकवे ज्या कोपऱ्यात उतरत तिथं थंडीभर स्वतः जाळं टाकत नसत, इतर ढिवरांनाही टाकू देत नसत. मासे नेमके तिथंच जास्त, म्हणून गाव त्यांना येडा म्हणे. "शायना असतो त पाखरं जवळ आली असती काय?" एवढंच ते म्हणायचे.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक सिरोंच्याकडे दिलेली. एकदा ते तिच्याकडे गेले आणि चार दिवसांत परतले. "नातू तेलुगू बोलते, मी नुसता हासतो," ते म्हणाले. "तिथी मले कोनी वळखत नाई गुर्जी. हे वळखतात." आणि त्यांनी हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं.

मलाही त्या गावात कोणी नव्हतं. शाळा सुटली की संध्याकाळ खायला उठायची. मंडईच्या, म्हणजे इकडच्या जत्रेच्या, दिवसांत सगळं गाव नाटकाला जाई, आणि मागं आम्ही दोघेच उरायचो. माझं तोंड पाहून असेल, डोमाभाऊंनी आपली दुसरी जुनी घोंगडी मला दिली आणि चालायचं कसं ते शिकवलं. वाकून, सावकाश, ऐनाच्या झाडापाशी थांबून, मग बसायचं. त्यांच्या शेजारी बसून बसून दुसऱ्या हिवाळ्यात चकव्यांनी मलाही चालवून घेतलं. गावात मिळालेला पहिला मान तो, आणि तो पाखरांनी दिला होता.

बदलीसाठी मी दोनदा अर्ज केला होता. अमरावतीकडे आई एकटी होती. तिसऱ्या हिवाळ्यात शाळा तपासायला साहेब आले. सोबत बंदूक. "तळ्यावर पाखरं आहेत म्हणे. पण जवळ जाता येत नाही?" त्यांनी विचारलं. डोमाभाऊ त्या दिवशी मासे घेऊन वडशाच्या बाजाराला गेले होते.

"जाता येतं," मी म्हणालो.

माझ्याकडची घोंगडी मीच आणून दिली. चालही मीच सांगितली. बंदूक आत, घोंगडी बाहेर. चकव्यांनी साहेबांना वीस पावलांवर येऊ दिलं. दोन बार झाले, पाच पक्षी पडले. जेवताना साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि अर्जाचं पाहतो म्हणाले. रश्श्याची वाटी माझ्यापुढंही आली. मी जेवलो, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या सकाळी डोमाभाऊ पाळीवर गेले. ते अजून ऐनाशीही पोचले नव्हते, तोच सगळा थवा ओरडत उठला. ते थांबले, मागं आले, पुन्हा गेले. पुन्हा थवा उठला. मी लांबून पाहत होतो. शेवटी ते माझ्याकडे आले.

"घोंगडी तुमी देल्ली काय?"

"हो."

"चाल बी सांगतली?"

"तीही मीच." ते शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग त्याईची काय चूक," ते म्हणाले. "त्याईले वाटलं, मीच होतो."

माघात बदलीचा हुकूम आला. ज्यासाठी जीव टाकला होता तो कागद हातात धरवेना. निघालो त्या पहाटे हातपाय आखडतील अशी थंडी होती. छकडा पाळीवर आला तेव्हा डोमाभाऊ एरवी जिथं बसत त्याच्या कितीतरी मागं बसलेले दिसले. अंगात काही नाही, कमरेला नुसतं धोतर. मी उतरलो.

"घोंगडी कुठं आहे, भाऊ?"

"देऊन टाकली. तिले भेतात ते." त्यांचे दात वाजत होते. "उघड्या मानसाले त्याईनं पायलं नाई अजून. आता असाच बसतो. हळूहळू वळखतील."

किती दिवस लागतील, हे मी विचारलं नाही. बारा हिवाळे मला ठाऊक होते, आणि त्यांची सत्तरी कधीच उलटली होती.

"जा जी तुमी, आई वाट पायत असन," ते म्हणाले.

मी छकड्यात चढलो. माझा पांढरा सदरा पाहून पाण्यावरचे चकवे आणखी आत सरकले. डोमाभाऊ हलले नाहीत.