सागवानाचा खर्ज

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. "ताई, इंदलभाऊ गेले," तो म्हणाला. मी सहज विचारलं, "कुठं? नागपूरला?" कारण इंदलभाऊ राठोड सारखे कुठंतरी जातच असत. कुणाकडे जुना बेस गिटार विकायला निघालाय असं कानावर आलं, की उमरखेडहून एसटी पकडायची, तो बेस हातात घ्यायचा, मन भरेस्तोवर वाजवायचा आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातानं, पण लग्नाहून आल्यासारखं खुशीत परत यायचं. प्रशांतनं परत नुसतं "ताई..." म्हटलं. मग मला कळलं... सकाळी शेतात चक्कर मारून आले, ओट्यावर बसले, चहा मागितला, आणि चहा बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहायला बसले की वाटतं, आज रडू येईल. पण इंदलभाऊ आठवले की आधी त्यांच्याशी घातलेले वादच आठवतात, आणि मी एकटीच तावातावानं बोलायला लागते. दुःखाच्या लेखात एवढा उत्साह बरा दिसत नाही, हे मला समजतं. पण हा माणूसच तसा होता, त्याला मी काय करू?

ज्यांना बेस गिटार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चार जाड तारांचं, लांब मानेचं वाद्य. गाण्याच्या तळाशी जो खोल, घुमणारा स्वर चालतो तो याचा; ॲम्प नावाच्या खोक्यातून तो मोठा होऊन बाहेर येतो. वऱ्हाडातल्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गायकाला टाळ्या मिळतात, ढोलकीवाल्याला बक्षीस मिळतं, आणि बेसवाला मागं पडद्याजवळ उभा असतो. इंदलभाऊ तरुणपणी अशाच एका ऑर्केस्ट्रात होते. पुढं वडील थकले, कापूस, सोयाबीन, तुरीचं शेत अंगावर आलं आणि ऑर्केस्ट्रा सुटला. बेस मात्र सुटला नाही. ते म्हणायचे, "लोकं त्याले आइकत नाई, ताई. त्याच्यावर उभे राह्यतात."

आमची ओळख यवतमाळात झाली, तीही भांडणातून. एक ऑर्केस्ट्रा बंद पडत होता आणि मालक सामान विकत होता. मी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात बेस वाजवायला लागले होते; दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून लागले आणि मग सोडवेना. स्वतःचा हवा म्हणून बघायला गेले, तर एक उंच, मिशीवाले गृहस्थ तो लाल बेस आधीच पोटाशी धरून बसले होते. डोळे मिटलेले, आणि हनुवटी चक्क वाद्याच्या लाकडावर टेकलेली. मी विचारलं, "हे काय करताय?" ते डोळे न उघडता म्हणाले, "हाडातून आइकून राह्यलो. ॲम्प खोटं बोलते, हाड नाई बोलत." मी म्हटलं, "रंग पार उडालाय याचा." आता मात्र त्यांनी डोळे उघडले. "रंग कायले पाहता? आंग पाहा!" मग अर्धी सकाळ आम्ही हुज्जत घातली. तो बेस दोघांनाही हवा होता. शेवटी त्यांनीच तो माझ्या हातात दिला. "वाजवा." मी वाजवला. त्यांनी ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "घेऊन जा. पण एक कबूल करा. तारा बदलायच्या नाई. नवी तार नुसती चुरचुर करते. जुनी झाली का मंग बोलाले लागते."

त्या तारा मी आजवर बदललेल्या नाहीत.

प्रशांत आत्राम आमच्यातला तिसरा. पांढरकवड्याला हायवेवर त्याचं टायरचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत पाच तारांचा, निळ्या चकचकीत रंगाचा बेस. प्रशांतला सगळं नवं लागतं. दर सणाला नव्या तारा, आवाज फिरवायला पायाखाली पेडलची रांग, आणि बेसच्या अंगावर ट्रकवाल्या पेंटरकडून मारून घेतलेला असा रंग, की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. इंदलभाऊंच्या मते जाड रंगानं लाकूड बहिरं होतं. प्रशांतच्या मते लाकडाचा काही संबंधच नाही, सगळी करामत पिकअपची. पिकअप म्हणजे तारेखालचं ते लोहचुंबक, जे तारेचं थरथरणं पकडून ॲम्पकडे पाठवतं. मी दोघांच्या मध्ये, आणि दोघांकडूनही बोलणी खाणारी. सवड मिळेल त्या रविवारी आम्ही इंदलभाऊंच्या बंजारा तांड्यावर जमायचो. घराला लागून कापूस ठेवायची पत्र्याची मोठी खोली होती, तिथं ॲम्प मांडायचा. वहिनी, म्हणजे सोनाबाई, चहा आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तिघंबी एकच आवाज काढून राह्यले, धुम धुम. अन् भांडता कायचे?"

एकदा प्रशांतनं परीक्षाच घेतली. इंदलभाऊंच्या डोळ्यांवर वहिनींची ओढणी बांधली, त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि मी एकच चाल आमच्या तिघांच्याही बेसवर वाजवली. इंदलभाऊ मान डोलवत ऐकत होते. दुसऱ्याला त्यांनी हात वर केला. "हा! हा खरा. याच्यात लाकूड बोलून राह्यलं. जुनी तार आहे, रंग पातळ आहे." प्रशांत जमिनीवर लोळायचाच बाकी होता. तो त्याचा निळा होता; नव्या तारांचा, जाड रंगाचा! इंदलभाऊंनी ओढणी काढली, निळ्या बेसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "ॲम्प बिघडला आहे." मग स्वतःच इतके हसले की चहाची बशी सांडली. पुढच्या रविवारी मात्र त्याच मुद्द्यावर पुन्हा तितक्याच जोरात भांडायला हजर.

मग एका रविवारी ते भांडलेच नाहीत. प्रशांत नव्या तारांच्या टणत्काराबद्दल बोलत होता आणि इंदलभाऊ नुसते पाहत होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी पाऊस कधी येईल हे सांगावं तसं सांगितलं. बरेच दिवस फोनची रिंग ऐकू येत नव्हती. मग पाखरं गेली. मग वहिनींच्या हातातल्या बांगड्यांची किणकिण. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कान हळूहळू जातील. मशीन लावलं तर बोलणं थोडंफार कळेल, पण गाणं पहिल्यासारखं ऐकू येणार नाही. "वरचं सगळं चाललं, ताई," ते म्हणाले. "खालचं तेवढं राह्यलं आहे." मग आमच्याकडे पाहून तेच पुढं म्हणाले, "अरे, तोंडं कायले पाडता? देवानं माह्यासाठी बेस ठेवला ना! सतार वाजवत असतो तं मेलोच असतो."

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की स्वतःचा बेस स्वतः बनवायचा. कानांनी नव्हे, अंगानं ऐकू येईल असा. शेताच्या बांधावरचा साग त्यांनी रीतसर परवानगी काढून तोडला होता आणि त्याच्या फळ्या सुकत पडल्या होत्या. त्या होत्या नव्या घराच्या पुढच्या दारासाठी. त्यातली सगळ्यात रुंद फळी इंदलभाऊंनी बाजूला काढली तेव्हा वहिनी त्यांच्या गोर बोलीत जे काही बोलल्या त्यातला एक शब्द मला कळला नाही आणि सगळा अर्थ कळला. मग माझ्याकडे वळून, मला समजावं म्हणून, वऱ्हाडीत म्हणाल्या, "लोकं सागाचं दार करतात. आमचं माणूस बाजा करते!"

ते महिने म्हणजे नुसती धमाल होती. उमरखेडच्या सुतारानं फळी कापून दिली. मान एका मोडक्या बेसची मिळाली. साग मुळात तेलकट, त्यावर डिंक धरेना; मग आधी थिनरनं पुसून घ्यायची युक्ती प्रशांतनं शोधली. पिकअप त्यानंच हैदराबादहून आणले. आणि रंग? प्रशांत मोत्यासारखा पांढरा रंग घेऊन आला. इंदलभाऊंनी डबा उघडूसुद्धा दिला नाही. "जवसाचं तेल," ते म्हणाले. "दुसरं काही नाई." तेलाचा हात द्यायचा, वाळू द्यायचं, घासायचं, परत हात द्यायचा. सागाच्या रेषा अशा उठून आल्या की प्रशांतही त्यांवरून बोट फिरवत बसला. शेवटचा हात दिला आणि बेस वाळायला टांगला... कापसाच्या खोलीत! पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर बेसला पांढरी लव फुटलेली, जणू कोंबडीचं पिल्लू. कापसाचे सगळे तंतू ओल्या तेलावर जाऊन बसले होते. इंदलभाऊ दारात उभे, हात कमरेवर. प्रशांत म्हणाला, "पांढराच करायचा होता तं माह्या डब्यानं काय घोडं मारलं होतं, भाऊ?" वहिनी हसता हसता खालीच बसल्या. सगळं परत घासावं लागलं. त्या दिवशी घासायला वहिनीही बसल्या होत्या.

आणि मग तो बेस जोडला तो दिवस! इंदलभाऊंनी पट्टा गळ्यात घातला, सागाची ती जड फळी पोटाशी घट्ट धरली आणि सगळ्यात जाड तार छेडली. पत्रे थरथरले. भिंतीवरच्या फळीवरून स्टीलचा डबा सरकत सरकत खाली पडला. त्यांनी तार तशीच घुमू दिली. छातीवर हात ठेवला, मग पोटावर, आणि ओरडले, "आला! आला रे प्रशांत! इथं आला!" ते आम्हाला एकेकाला जवळ बोलवत होते, पाठीवर हात ठेवायला लावत होते. "लागते का? लागते का?" लागत होतं. त्यांच्या पाठीतून माझ्या तळहाताला तो स्वर लागत होता. एवढा आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

होळीला तांड्यावर लेंगी गातात. गोल धरून, डफड्याच्या तालावर. त्या वर्षी इंदलभाऊंनी ठरवलं की लेंगीला बेस लावायचा. म्हाताऱ्यांना पटेना, पोरांना गंमत वाटली. खरी पंचाईत वेगळीच होती. बायकांचं गाणं त्यांना आता ऐकूच येत नव्हतं. मी समोर उभी राहून हातानं खुणा करणार असं ठरलं. सुरुवात झोकात झाली. खालून तो घुमारा सुरू झाला आणि गोलातल्या पायांना जोर चढला, म्हातारेही हलायला लागले. पण गाणं रंगलं तशी चाल वाढली, माझ्यासमोर माणसं आली आणि खुणा दिसेनाशा झाल्या. इंदलभाऊ चुकले. एकदा, परत एकदा. त्यांची बोटं थांबली. भर गर्दीत ते असे इकडेतिकडे बघत होते, की मला पाहवेना. तेव्हा गोलात पुढं गाणाऱ्या सोनाबाई गाणं न सोडता, नाचतच बाहेर आल्या. त्यांनी आपला तळहात त्या सागवानी अंगावर ठेवला आणि थाप द्यायला लागल्या. एक, दोन... इंदलभाऊंनी खाली त्या हाताकडे पाहिलं, आणि बेस परत सुरू झाला. असा सुरू झाला की शेवटपर्यंत थांबला नाही. वहिनी गात होत्या, हात तिथंच होता. त्यांचं गाणं इंदलभाऊंना त्या लाकडातूनच पोहोचत होतं.

त्यानंतर ते वर्षभरही राहिले नाहीत. पण जेवढे दिवस राहिले, तेवढे दिवस त्यांनी रोज वाजवलं. माझ्याशी फोनवर बोलणं संपलं होतं, म्हणून मेसेज यायचे. "आज आभाळ ओलं आहे, आवाज जड येऊन राह्यला." "प्रशांतले सांगा, पोटाले पेडल लागत नाई."

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी मी आणि प्रशांत तांड्यावर गेलो. मनात धाकधूक होती. वहिनी तो बेस आम्हाला घेऊन जा म्हणतील आणि आम्ही काय उत्तर द्यायचं, यावर एसटी स्टँडपासून आमची चर्चा चालली होती. तो कुणाकडे राहावा यावर तर चक्क वादही झाला. वहिनींनी पाणी दिलं, चहा दिला. इंदलभाऊंबद्दल थोडं बोलल्या, थोडं रडल्या. मग आत गेल्या आणि बेस घेऊन आल्या. आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. पण त्यांनी तो आमच्याकडे दिला नाही. खाटेवर बसल्या, मांडीवर घेतला, आणि म्हणाल्या, "ताई, हे कसं धरतात ते सांगा मले."

मी पट्टा नीट करून दिला. जाड तारेवर त्यांचं बोट ठेवलं. प्रशांतनं ॲम्प लावला. वहिनींनी तार ओढली. पहिल्यांदा नुसती खरखर, दुसऱ्यांदा अर्धा स्वर. तिसऱ्यांदा तो आला, पुरा, खोल, आणि खोलीभर फिरून त्यांच्यापाशी परत गेला. त्यांनी डोळे मिटले. तो विरून जाईपर्यंत मिटलेलेच ठेवले. प्रशांत भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मग वहिनींनी डोळे पुसले, बोट शेजारच्या तारेवर नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"अन् ही?"