धुरावर राखलेल्या कॅसेटी

परवा महाडच्या बाजारात डोंगरावरची एक बाई बियाणं घेऊन बसली होती. तवशाच्या, पडवळाच्या, भोपळ्याच्या बिया फडक्याच्या लहान लहान पुरचुंड्यांत बांधलेल्या, आणि सगळ्या पुरचुंड्या चुलीच्या धुराने काळवंडलेल्या. मला काही पेरायचं नव्हतं. आमच्या परसात आता फरशी आहे. तरी एक पुरचुंडी उचलून मी नाकाशी धरली. "वास कसला घेतोस रे दादा? बी हाय ती, अत्तर नाय," बाई म्हणाली. तिचंही खरंच होतं. धुराच्या वासाने कोणाला आई आठवते, कोणाला गाव आठवतं. मला चंदेरी कपडे घातलेली परग्रहावरची माणसं आठवतात, आणि त्यांच्या मागोमाग एक मित्र आठवतो, ज्याचं नाव मी हल्ली घेत नाही.

तो कुडपणचा, म्हणजे पोलादपूरच्याही वरचा, डोंगरमाथ्यावरचा. महाडच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी इथल्याच शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो आणि तो, त्या वाडीतल्या घराघरांतून एकेक जण जातो तसा, मुंबईला गेला आणि गोदीत लागला. गोदीबाहेरच्या फुटपाथवर खलाशांनी विकलेल्या परदेशी वस्तूंचे ढीग असत. त्यातून एका गणपतीत त्याने एक व्हिडिओ कॅसेट आणली. इंग्रजी मालिका होती, विज्ञानकथांची. दर भागात नवी गोष्ट, नवी माणसं, नवं जग. पहिल्याच भागात एका कारकुनाची सावली त्याच्या आधी कचेरीत जाऊन बसते, आणि साहेबाला कारकुनापेक्षा तीच जास्त पसंत पडते. आम्ही दोघं त्या दिवशी जे खुळे झालो ते पुढची वीसेक वर्षं खुळेच राहिलो. तो फुटपाथ धुंडाळायचा, मी जुन्या मासिकांतल्या जाहिराती वाचून कुठली मालिका शोधायची ते त्याला कळवायचो. कधी वेष्टन नसलेली कॅसेट यायची, कधी गोष्टीचा शेवट पुसून त्यावर कोणी आपल्या पोराचं बारसं भरून ठेवलेलं असायचं. तरीही ती आम्ही ठेवायचो.

अमेरिकेची कॅसेट आमच्या व्हीसीआरला मानवत नसे. रंग उडायचे आणि चित्र खालून वर सरकत राहायचं, म्हणजे पाय वर आणि मुंडकं खाली. तशा अवस्थेतही आम्ही भागच्या भाग पाहिले. मी शेजारी बसून भाषांतर करायचो, आणि तो मध्येच हात वर करून म्हणायचा, "थांब, मना कलला. ह्यो मेलेला हाय, पन ह्याला ठावं नाय." बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघायचं. आमच्या घरातली बाकी मंडळी रडक्या कौटुंबिक मालिका बघायची, त्यांना तो चिडवायचा: "तुमचं रडगानं बारा म्हयने चालतं. आमच्याकडं अर्ध्या तासात निकाल." त्याच्या हसण्यासाठी मी पुष्कळ वेळा भाषांतरात पदरचा मीठमसाला घातलेला आहे.

आता महाडकराची एक गोष्ट सांगायला हवी. ज्येष्ठ लागला की आमच्या बाजारपेठेत घराघरांतलं सामान वर चढू लागतं. सावित्रीचं पाणी कधी आत येईल याचा नेम नसतो, म्हणून धान्य माळ्यावर, गाद्या वरच्या मजल्यावर, कागदपत्रं त्याच्याही वर. वस्तूला उंच जागा मिळाली की ती वाचली, अशी आमची पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे. तेव्हा कॅसेटींची ट्रंक भरल्यावर आम्हाला जे सुचायचं तेच सुचलं. महाडपेक्षा उंच काय? पोलादपूर. पोलादपूरपेक्षा उंच काय? कुडपण! एसटीच्या टपावर ट्रंक टाकून, पुढचा चढ खांद्यावरून चढवून आम्ही ती त्याच्या घरी नेली आणि दमून ओटीवर बसलो. त्याच्या आईने ट्रंकेकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. "पान्याला भिऊन वर आनलाव व्हय? आनि हितं धुकं हाय ना चार म्हयने! माज्या कनगीत शिरतं, तुमच्या पेटीत नाय शिरनार?" आणि तिने सगळ्या कॅसेटी जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून चुलीवरच्या माळ्यावर, बियाण्याच्या शेजारी मांडल्या.

त्यानंतर तो रिवाजच पडला. ज्येष्ठात कॅसेटी वर जायच्या, दिवाळीनंतर खाली यायच्या. धुराची ऊब लागल्यामुळे एकीलाही बुरशी धरली नाही. पहिल्या दिवशी व्हीसीआरमधून खमंग वास सुटायचा आणि आमची बायको विचारायची की आत काही जळतंय का. पुढे डीव्हीडी आल्या, व्हीसीआर बिघडला, दुरुस्त करणारा मिळेना, आणि त्याच सुमारास तो म्हणाला, "आता खाली नेऊच नको. वरच राहूंदे." मला ते पटलं. संग्रह दोघांचा होता. माझ्या घरात काय आणि त्याच्या घरात काय. गणपतीला, शिमग्याला जाता-येता तो आमच्याकडे चहाला थांबायचा. मी विचारायचो, कॅसेटी कशा आहेत? तो म्हणायचा, "बेस हाईत. वयनी रोज चूल पेटवते." आई मुंबईला त्याच्याकडे असते, गुडघे गेले तिचे, एवढं त्याने सांगितलं होतं. पण थोरला भाऊ आणि वहिनी गावी आहेत, असंच मी समजत होतो, कारण त्याने मला तसं समजू दिलं होतं.

मग तो पूर आला. आमच्या वरच्या मजल्यावर पाणी चढलं. पुस्तकं गेली, फोटो गेले, लग्नातली भांडी दुसऱ्याच्या दारात सापडली. मी गुडघाभर गाळात उभा होतो तेव्हा त्याचा फोन आला. "कॅसेटी वाचल्या बघ आपल्या! बरं झालं का नाय वर ठेवल्या?" खरं सांगतो, त्या आठवड्यात मला उभं राहायला जर कशाने बळ दिलं असेल तर त्या वाक्याने. माझ्या तारुण्यातलं काहीतरी एका कोरड्या, धुरकट माळ्यावर शाबूत आहे, असं मी घरात सगळ्यांना सांगत सुटलो. जुन्या फिती पेनड्राइव्हवर उतरवून देणारा एक माणूसही मी शोधून ठेवला. मित्र "आनतो, आनतो" म्हणत राहिला आणि दर वेळी हात हलवत आला. शेवटी एका हिवाळ्यात मी न सांगताच जीप करून कुडपणला गेलो.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्याकडे किल्ली होती. तो म्हणाला, "हितं कोन हाय आता? म्हातारीला न्हेली, तिच्या मागनं थोरला पन पोरांकडं गेला. शिमग्याला येतात, दोन दीस चूल पेटते, की झालं." घरात ओल्या मातीचा वास होता. चूल थंड, आणि कडेने पोपडे उठलेले. माळ्यावर लुगड्याचे तुकडे होते तसेच होते. मी पहिली पुरचुंडी सोडली. कॅसेटच्या काचेतून पाहिलं तर काळ्या फितीवर पांढरी लव उगवली होती. दुसरी तशीच. तिसरी हातात घेतली तर फीत फितीला चिकटून तिचा गोळा झाला होता. सगळ्या पाहिल्या. एक तरी निघेल म्हणून पाहत राहिलो. म्हातारा दारात उभा राहून म्हणाला, "पिच्चर व्हते का?" मी हो म्हटलं.

पोलादपूरला उतरून मी फोन लावला. माळ्यावर काय पाहिलं ते सांगितलं. तो म्हणाला, "अरे, सगलं आता मोबाइलवर मिलतं. येवढं काय मनाला लावून घेतोस?" मी म्हटलं, तू मला खोटं का सांगितलंस? तेव्हा तो चिडला. "सांगितलं असतं तर तू त्या खाली न्हेल्या असत्यास. तवा पुरात गेल्या असत्या. येकच झालं ना!" हिशेब बिनचूक होता. पण एकच झालं नाही. पुरात गेल्या असत्या तर आम्ही दोघं माझ्या गाळात शेजारी शेजारी उभे राहून हळहळलो असतो, आणि त्यानेच काहीतरी बोलून मला हसवलं असतं. बुरशीने नेल्या त्या माझ्या एकट्याच्या गेल्या. त्याच्या तर केव्हाच गेल्या होत्या, त्याने मला सांगितलं नव्हतं इतकंच.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. मुंबईत त्या घराबद्दल त्याला कोण विचारणार? मुलांना एवढंच माहीत की तिथे रेंज मिळत नाही. विचारणारा मी एकटा होतो, आणि मी विचारलं की तो निदान बोलण्यात तरी चूल पेटवायचा. अख्ख्या जगात एकाच माणसाच्या लेखी त्याचं घर नांदतं होतं, आणि तो माणूस मी. ते मोडणं त्याच्या जिवावर आलं असणार. मला हे सगळं कळतं. कळलं म्हणजे राग जातो असं लोक म्हणतात. माझा गेलेला नाही. घर बंद पडलं हे दुःख सांगण्याइतकाही मी त्याचा नव्हतो, ही गोष्ट कॅसेटींपेक्षा जास्त लागते.

गेल्या शिमग्याला त्याची गाडी आमच्या दारावरून वर गेली आणि दोन दिवसांनी खाली आली. मी खिडकीत होतो. गाडी किंचित हळू झाल्यासारखी वाटली. त्याने हॉर्न दिला नाही, मी हात केला नाही. मुंबईहून कुडपणला जायला रस्ता हाच आहे, त्यामुळे पुढच्या शिमग्यालाही तो इथूनच जाईल.