भागीबाईचा आवाज

मंजुषा नाशिक रोडला राहते आणि शाळांचे कॉम्प्युटर दुरुस्त करते. मशीनं बहुतेक जुनी. त्यांवर ती विंडोजऐवजी लिनक्स टाकून देते, कारण ते फुकट असतं आणि जुन्या मशीनवरही चालतं. लहान पोरांसाठी तिने एक प्रोग्राम लिहिला होता: आकड्यावर क्लिक केलं की तो बोलतो. आवाज हरसूलच्या अंगणवाडीतल्या मदतनीस भागीबाईचा, खणखणीत तरी मायेचा.

शाळाशाळांत जाऊन हा प्रोग्राम टाकण्यात मंजुषाचे रविवार जायचे. लिनक्सबरोबर मिळणाऱ्या संग्रहातच तो आला, तर कुणीही शिक्षक स्वतः घेऊ शकेल, म्हणून तिने त्याचं पॅकेज, म्हणजे कुठल्याही मशीनवर सहज बसेल असा गठ्ठा, करून संग्रहाकडे पाठवलं. संग्रहात घेण्याआधी तो तपासणारे गृहस्थ पोर्तुगालचे. सगळं बोलणं ईमेलवर. त्यांनी कळवलं की प्रोग्राम तुमच्याकडे चालतो, आमच्याकडे नाही. एक फाईल हिच्याच मशीनवर राहून गेली होती. ती पाठवली, तर म्हणे, दुसऱ्यांचे प्रोग्राम आत कोंबलेत, ते काढा. मंजुषा घरात चिडचिड करायची आणि उत्तर मात्र अगदी सभ्य लिहायची. मग विचारणा आली: हा आवाज कुणाचा? तो कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा, याला त्या बाईंची लेखी संमती आहे का?

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती एसटीने हरसूलला गेली आणि भागीबाईला सगळं समजावून सांगितलं. भागीबाईने एवढंच विचारलं, की दुसऱ्या देशातली माणसंही ऐकतील का. ऐकू शकतील, मंजुषा म्हणाली.

“मग परत बोलते मी,” भागीबाई म्हणाली. “तवा सर्दी झालती. सात नीट आला नाय.”

मंजुषाला तो घोगरा सात फार आवडायचा. शिवाय नवं रेकॉर्डिंग म्हणजे पुन्हा तपासणी, पुन्हा महिनोन्‌महिने वाट बघणं. पण आवाज भागीबाईचा होता. पोरं घरी गेल्यावर दोघी दार लावून बसल्या आणि सगळे आकडे नव्याने बोलून घेतले. सात तर भागीबाईने चारदा म्हटला. मग संमतीवर सही केली.

पॅकेज मंजूर झाल्याचा मेल आला तेव्हा मंजुषा भाजीबाजारात होती. तिने तिथूनच फोन लावला. भागीबाई पोरांना खिचडी वाढत होती.

“बरं झालं गं,” ती म्हणाली, “आता ठेव, पोरं भुकेजलीत.”

मंजुषा हसली आणि मेथीच्या जुड्या निवडू लागली.