सुजयने निवडलेलं इंजिन

माझा धाकटा भाऊ सुजय माणिकपूरला एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. हुशार, पण हट्टी! एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, तेवढं सांभाळून घ्या.

२००२ साली आमच्या आईला, जयवंतीला, घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे बोलणं कायमचं बंद. आणि आमची आई कोण, तर निर्मळला, आमच्या गावी, वाडीच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या माणसाला जेवायला बोलावणारी बाई! बोलायची तीही आमची घरची बोली. कागदावर उतरवली की तिचा हेल जातो, म्हणून मी इथे लिहीतच नाही.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. सुजय म्हणाला, आईचा आवाज आपण गेममध्ये ठेवू. केळीच्या वाडीचा गेम. बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं, पाणी पाटाने प्रत्येक वाफ्यात न्यायचं, पाट चुकला की आई ओरडणार. रोज दुपारी ती ओटीवर टेपरेकॉर्डरपुढे बसायची. "यंत्राला कसल्या शिव्या घालायच्या गं?" म्हणायची, आणि मनसोक्त घालायची. नव्वद मिनिटांची कॅसेट भरली. तिची एकच अट होती, गावातल्या पोरांनी हे ऐकलं पाहिजे.

पोरांचे कॉम्प्युटर होते ॲन्सेल्मच्या ताब्यात. सुजयचा हा मित्र शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. वर्गात अकरा जुनी मशीन, सगळी विंडोजऐवजी लिनक्स या फुकटच्या प्रणालीवर चालणारी. म्हणजे गेम घरच्या विंडोजवरही चालायला हवा आणि तिथेही. आता गेम बनवायला इंजिन लागतं. चालणं, चित्र, आवाज असं सगळं आधीच बसवलेला सांगाडा तो, आपण आपली गोष्ट त्यात भरायची. ॲन्सेल्मने सांगितलं, "फुकटवालं घे. कोड उघडा आहे, हवा तसा बदलता येतो, लिनक्सवर आज चालतंय."

"त्यात सगळं हाताने लिहावं लागेल, वर्ष जाईल," सुजय म्हणाला. "आई घरी येईल तेव्हा गेम तयार पाहिजे मला."

त्याने परदेशातल्या एका छोट्या कंपनीचं इंजिन निवडलं. देखणं, झटपट, पण फक्त विंडोजवर चालणारं आणि आतून कुलूपबंद. लिनक्सवरचं वर्षअखेरीस येईल, असं त्यांच्या साइटवर होतं.

"येईल म्हणजे आलं नाही, सुजय," ॲन्सेल्म म्हणाला.

"अरे, लिहून दिलंय त्यांनी!"

आमच्या बाबांनी जन्मभर दादरच्या दलालाला नुसत्या तोंडी शब्दावर फुलं पाठवली. त्या घरात वाढलेला मुलगा लिहून दिलेल्यावर संशय कसा घेणार? खरं सांगते, मीही त्याचीच बाजू घेतली.

आई गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन घरी आली. आठवड्याभरात गेम तयार झाला. स्वतःचंच ओरडणं ऐकून ती हसली, आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. पुढे बाबांनी जेवायला उशीर केला की ती मुद्दाम पाट चुकवायची. कॉम्प्युटर ओरडायचा, बाबा वाडीतून मुकाट्याने यायचे. बाई गं, काय दिवस होते ते!

वर्षअखेर आली, गेली, पुन्हा आली. लिनक्सवरचं काही आलं नाही. मग कंपनीच बंद पडली, साइट गेली. २००५ मध्ये घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मेली. गेमची सीडी होती, पण नव्या डिस्कवर टाकली की ती कंपनीकडून नवा नंबर मागायची. देणार कोण? आवाज त्या कुलपाच्या आत. ॲन्सेल्मने चार महिने खटपट केली, हात टेकले.

मी माहेरी येऊन सुजयला फैलावर घेतलं. "सांगत होता ना ॲन्सेल्म? पण तू शहाणा! आईचा आवाज घालवलास!"  तो म्हणाला, "ताई, आईची कॅसेट तू आठवण म्हणून सासरी नेली होतीस ना? त्यावरून परत करू."



आदल्या वर्षी आगाशीला, माझ्या सासरी, नणंदेची हळद होती. बायका गाणी म्हणत होत्या, कोरी कॅसेट मिळेना. वाटलं, आईचं तर कॉम्प्युटरमध्ये आहेच. पुसलं जाऊ नये म्हणून सुजयने कॅसेटच्या पाठचे दोन्ही तुकडे मोडून ठेवले होते. मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि आईच्या आवाजावर गाणी भरली. या हातांनी लावली.

मी हे कबूल केल्यावर सुजयने ती कॅसेट आणून लावली. दोन्ही बाजूंची हळदीची गाणी शेवटपर्यंत ऐकत बसला. गाणी संपली, खट्ट वाजलं आणि आई आपल्या बोलीत म्हणाली, "झालं का रे? घसा सुकला. बंद कर आता." एवढंच उरलं होतं.

मग त्याने उघड्या कोडचं इंजिन घेतलं. ओळन् ओळ हाताने लिहिली, दीड वर्ष लागलं. आईचं ते एक वाक्य गेमच्या शेवटी ठेवलं.

आम्ही आईला ॲन्सेल्मच्या वर्गात नेलं. अकराही मशीनवर गेम सुरू झाला. एका मुलीने शेवटच्या वाफ्यात पाणी पोचवलं, आई म्हणाली, "बंद कर आता," आणि त्या गुणी पोरीने खरोखर मशीन बंद केलं. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. मागच्या बाकावर आईचे खांदे हलत होते. तिला आम्ही कॅसेटचं सांगितलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर तिने पाटीवर लिहून सुजयपुढे धरलं, "बाकीचं कधी घालणार?"

"आई, ते गेलं," सुजय म्हणाला. "कॅसेट माझ्या हातून पुसली गेली."

तिने पाटी पुसली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतर चार वर्षं जगली, पण ते पुन्हा विचारलं नाही. मी तिथेच, हाताच्या अंतरावर उभी होते. मला बोलता येत होतं. मी गप्प राहिले.