पंधरा मिनिटांची शांतता

घर घेताना लोक भिंती ठोकून पाहतात, सातबारा वाचतात, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का ते विचारतात. घराचा आवाज तपासणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि ते माझे साडभाऊ आहेत, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो आणि त्यांच्या बायकोला बाई. भाऊंची सगळी नोकरी माजरीच्या बाजूला कोळसा खाणीत गेली, आणि काम काय, तर सुरुंग उडायच्या आधी भोंगा वाजवायचा. त्यांचा भोंगा झाला की कॉलनीतल्या बायका मांडणीवरची भांडी आत सरकवत, लेकरं कानांत बोटं घालत, आणि मग धडाम. साऱ्या मुलखाला दचकवणारा हा माणूस घरी मात्र आवाजाचा पारखी होता. बाजारात वांगं कानाशी नेऊन हलवायचा, कारण किडकं वांगं म्हणे आतून वेगळं बोलतं. माठ घेताना कुंभार वैतागेपर्यंत टिचक्या मारायचा. पंख्याच्या दुकानात तर सगळे पंखे बंद करायला लावून एकेक चालू करून ऐकायचा, आणि तेवढ्या वेळात बाकीची गिऱ्हाइकं घामानं निथळत उभी राहायची. लग्नासाठी बाईंना पाहायला आले तेव्हा बाई एकच वाक्य बोलल्या, तेही इतकं हळू की पानदान घेऊन शेजारी बसलेल्या मावशीलाही कळलं नाही. भाऊंनी त्यावर "हाव", म्हणजे हो, म्हटलं आणि लग्न ठरलं.

बाईंचा आवाज जन्माचाच बारीक. त्यात वयानं भाऊंचे कान मंद होत गेले, खडखड ऐकू येई पण हळू बोललेले शब्द निसटत. भोंग्याला दोष दिलेला त्यांना अजूनही खपत नाही. मुलानं कानाचं मशीन आणून दिलं, ते चार दिवसांत डब्यात गेलं. मशीन साऱ्या दुनियेचं ऐकवतं, हिचं तेवढं ऐकवत नाही, अशी त्यांची तक्रार. तर निवृत्त झाल्यावर या माणसानं जाहीर केलं की आता एखाद्या खेड्यात, झाडाझुडपांत, जिथे पान हललेलं कळेल अशा ठिकाणी घर घ्यायचं. माझी शाळा चंद्रपुरात, माझ्याकडे जुनी गाडी आणि रविवार मोकळा, तेव्हा सारथी कोण हे वेगळं सांगायला नको.

पहिल्याच घरापाशी मला धक्का बसला. गाडी थांबताच भाऊंनी डिकीतून स्वतःच्या घरची प्लॅस्टिकची खुर्ची काढली, परक्याच्या अंगणात मधोमध मांडली, हातात घड्याळ, मांडीवर वही घेतली आणि डोळे मिटून बसले. पंधरा मिनिटं. घरमालक चहा घेऊन आला तर त्याला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. जो आवाज येईल त्याची वहीत एक रेघ. भद्रावतीजवळचं घर पीठगिरणीमुळे गेलं, मूलकडचं मंगल कार्यालयामुळे गेलं, एक चांगलं कौलारू घर तर घरमालकाला सर्दी होती म्हणून गेलं. कहर झाला आलापल्लीला. चहूकडे सागाचं जंगल, माणसाची चाहूल नाही, मी मनात म्हटलं, सुटलो. पण महिना होता फेब्रुवारीचा. सागाची वाळलेली पानं गळत होती, आणि सागाचं पान खाली पडतं तेव्हा पापड मोडल्यासारखं वाजतं. पंधरा मिनिटांत भाऊंनी एक्केचाळीस रेघा मारल्या आणि खुर्ची उचलली.

परतीच्या वाटेवर माझा तोल सुटला. पानं पडलेली चालत नसतील तर स्मशानातच प्लॉट बघा, असं मी बोलून गेलो. बाई मागच्या सीटवर झोपल्या होत्या. भाऊ म्हणाले, "मास्तर, पस्तीस वर्स झाले. ही काय बोलते ते मले अर्धंच आयकू येते. बाकीच्याले मी अंदाजानं हाव म्हनून राह्यलो. एवढ्या हावमंदी हिचं एखादं नाई असंल ना? थे मी कधी आयकलंच नाई. म्हातारपनी तरी आयकाव म्हनतो." स्मशानाचं बोललो त्याची लाज वाटली ती आजही वाटते. त्यानंतर मी एकाही रविवारी कुरकुर केली नाही.

मार्च सरता सरता नागभीडच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत, ते घर सापडलं. पुढे कडुलिंब, मागे बोडी म्हणजे गावतळं, पलीकडे जंगल. सकाळी नऊची वेळ. भाऊ खुर्ची टाकून बसले आणि पंधरा मिनिटांत वही कोरी. मला भीती वाटली की घड्याळ बंद पडलं. गल्लीतली सगळी दारं लोटलेली, शेजारी एक मोठी टिनाची शेड, तीही बंद. एक कुत्रा होता तो झोपलेला. जागा असलेला एकच, कडुलिंबाखाली बसलेला एक म्हातारा. भाऊंनी त्याला विचारलं, इथे असंच शांत असतं का. म्हातारा म्हणाला, "सद्या तं आहे." भाऊंनी वहीत लिहिलं, आहे. बाई दारात उभ्या राहून हळूच काही म्हणाल्या. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं, "शेजारीन तं कोनी दिसत नाई." भाऊंनी मान डोलावून म्हटलं, "हाव, तेच तं." लागोपाठ तीन रविवार आम्ही सकाळी नऊला गेलो आणि तिन्ही वेळा वही कोरी राहिली. तिसऱ्या रविवारी, कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या या माणसानं मालकानं सांगितलेल्या भावाला जागच्या जागी होकार दिला आणि विसार देऊन मोकळा झाला. मी नुसता आ वासून पाहत राहिलो.

मे महिन्यात छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, बदलायला गेलो, गाव शांत. आषाढात रंग द्यायला गेलो, गाव शांत. दिवाळीनंतर भाऊंचं बिऱ्हाड एका रात्री उशिरा येऊन पोचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच नव्या घरात बुद्धवंदना ठेवली. आम्ही सगळे पांढरे कपडे घालून सतरंजीवर बसलो होतो, भन्तेजींनी त्रिशरण सुरू केलं, आणि एकाएकी भिंती थरथरू लागल्या. असा दणका की मेणबत्ती विझली. भाऊंनी सवयीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्यांना वाटलं सुरुंग उडाला, आणि भोंगा आपण वाजवला नाही. मी बाहेर धावलो. शेजारची टिनाची शेड उघडली होती आणि आत राईस मिल चालू होती. दारापासून रस्त्यापर्यंत धानाच्या पोत्यांच्या बैलगाड्या, त्यांच्यापुढे भांडणारी माणसं, समोरच्या अंगणात झाडीपट्टीच्या नाटकाची तालीम, तिथला खलनायक एकच राक्षसी हास्य पुन्हा पुन्हा करून पाहत होता, कारण दिग्दर्शकाला ते पसंत पडत नव्हतं. ज्या गल्लीत आम्हाला तीन रविवार एका म्हाताऱ्याखेरीज माणूस दिसलं नव्हतं तिथे पाय ठेवायला जागा नव्हती.

मी त्या कडुलिंबाखालच्या म्हाताऱ्याला गाठलं. तेव्हा सगळे गेले कुठे होते, असं जवळजवळ ओरडूनच विचारलं. त्याला माझ्या अज्ञानाची कीव आली असावी. मार्चात सारं गाव मोहाची फुलं वेचायला पहाटेपासून जंगलात असतं, मे महिन्यात तेंदूची पानं तोडायला जातं, आषाढात रोवण्याला म्हणजे भातलावणीला शेतातल्या बांधीत असतं. दिवाळीनंतर धान घरी येतं तेव्हा गावही घरी येतं आणि गिरणी सुरू होते. इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली ही गोष्ट. आम्ही या जिल्ह्यात जन्मलेले दोन शहाणे, एक मास्तर आणि एक भोंगेवाला, गाव मोहाला गेल्यावर गावाची शांतता मोजत बसलो होतो. हसावं की रडावं कळेना. भाऊंची अवस्था मात्र हसण्यासारखी नव्हती. ते खुर्चीत बसले होते, वही मांडीवर होती आणि ते रेघा मारत नव्हते. संध्याकाळी निघताना मला एवढंच म्हणाले की गिऱ्हाईक पाहा.

मी पाहिलं. महिन्याभरात एक ठेकेदार मिळाला, त्याला घर गोदाम म्हणून हवं होतं. त्याला घेऊन दुपारी पोचलो तेव्हा मिल जोरात होती. अंगणात पाचसात बायका भाजी निवडत बसल्या होत्या आणि एक बाई गिरणीच्या वरताण आवाज चढवून काहीतरी सांगत होती. साऱ्या हसून लोळत होत्या. त्या आवाजाची मालकीण आमच्या बाई आहेत हे कळायला मला एक क्षण लागला, आणि कळलं तेव्हा मी अक्षरशः दाराची चौकट धरली. या गल्लीत हळू बोललेलं कोणालाच ऐकू जात नाही, तेव्हा महिन्याभरात बाईंचा गळा मोकळा झाला होता. भाऊंनी ठेकेदाराला आत बोलावलं. व्यवहाराचं बोलणं सुरू होतं न होतं तोच बाई निवडायची भाजी तशीच हातात घेऊन उठल्या आणि दारात आल्या.

"मी नाई जात इथून," बाई म्हणाल्या. "पस्तीस वर्स क्वार्टरमंदी एकटी भिंतीसंग बोलली मी. तुमाले ड्युटी होती, मले कोन होतं? मले शेजार पायजे होता. त्या दिवशी दारातच सांगितलं होतं तुमाले, तुमी हाव म्हनले."

मिल चालूच होती. ठेकेदार माझ्याकडे पाहत होता, मी जमिनीकडे. भाऊंच्या चेहऱ्यावर असा काही भाव होता की मला वाटलं आता हा माणूस कोसळणार. पस्तीस वर्षांत भाऊंच्या संसारात असं कोणी बोललं नव्हतं. भाऊ उठले, ठेकेदाराला हात जोडून जयभीम केला आणि फाटकापर्यंत पोचवून आले. परत येऊन माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "मास्तर, सारं आयकू आलं. एक शब्द नाई सुटला." डोळे पुसायला त्यांना रुमाल सापडेना, त्यांनी वहीचं पान वापरलं.

यंदा मोहाच्या दिवसांत मी मुद्दाम गेलो. सकाळची नऊची वेळ, लोटलेली दारं, मिलला कुलूप, कुत्रा झोपलेला. पैसे मोजून घेतलेली ती शांतता अखेर आली होती, आणि भाऊ तिच्यात अगदी हरवल्यासारखे बसले होते. बाई पहाटेच टोपली घेऊन शेजारणींबरोबर मोहाला गेल्या होत्या. वाघाची भीती, म्हणून बायका घोळक्यानं जातात आणि मोठमोठ्यानं बोलत राहतात, हे भाऊंनी मला तीनदा सांगितलं. मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. मी म्हटलं, घ्या, मिळाली एकदाची तुमची शांतता. ते म्हणाले, "हाव. पन हे घेऊन काय करू आता?" खुर्ची त्यांनी अंगणाच्या मधोमध ठेवली नव्हती. फाटकाबाहेर, जंगलाच्या पायवाटेकडे तोंड करून मांडली होती. हातात घड्याळ होतं, वही नव्हती. मी पायरीवर बसलो. दहा वाजून गेले. ऊन खुर्चीवर आलं तरी भाऊ हलेनात, तेव्हा मी त्यांना सावलीत घ्यायला उठलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"आली," ते म्हणाले.

मी कान देऊन ऐकलं. पायवाट रिकामी होती आणि माझ्या चांगल्या शाबूत कानांना अजून काहीही ऐकू येत नव्हतं.