फिलूमावशीचं नाक

बाळकुमच्या सबीनाला लहानपणी कोणी विचारलं, मोठी होऊन काय करणार, तर ती सांगायची, चित्रं काढणार. मोठी झाली आणि दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायला बसली. चित्रं मात्र सुटली नाहीत. संध्याकाळी घरी आली की चहा घेऊन खिडकीशी बसायची आणि मोबाईलवर येते ती चित्रांची गोष्ट काढायची. वेबकॉमिक म्हणतात त्याला. कागद नाही, शाई नाही. दर शुक्रवारी चार चौकटी, आणि कुठकुठली माणसं त्या अंगठ्यानं सरकवत बघतात.

गोष्ट एका म्हातारीची. तिचं भाताचं शेत गेलं, तिथं उंच टॉवर झाला, आणि टॉवरात मिळालेल्या घरात ती आपली कोंबडी घेऊन राहायला आली. कोंबडीनं लिफ्टनं जायचं की जिन्यानं, यावरून सोसायटीशी तिचं रोज वाजायचं. ही म्हातारी म्हणजे सबीनाची फिलूमावशीच. बाप्तिस्म्याचं नाव फिलोमिना. लग्न केलं नाही. बहीण गेल्यावर तिची दोन पोरं, सबीना आणि वॉल्टर, हिनंच वाढवली. अंगावर लाल चौकडीचं लुगडं, आणि बोलणं असं की समोरच्यानं हसावं की पळावं ते त्याला कळू नये. शाळेत ती गेली नव्हती, म्हणून सबीनानं चौकटींत अक्षर म्हणून घातलं नाही. सगळी गोष्ट मुकी.

पहिलं चित्र झालं ते तिनं मावशीलाच दाखवलं. तेव्हा सबीनाचा हात टीव्हीवरच्या जपानी कार्टूनांवर बसलेला. डोळे बशीएवढे, कंबर मुठीत मावेल अशी.

"ही कोण गो?"

"तू."

"मी? हिला भूत दिसलंय काय? आणि घरात कोण जेवायला देत नाय वाटतं."

पण चौथ्या चौकटीला पदर तोंडात कोंबून हसली. तेव्हापासून रीतच पडली. मावशी हसली तरच चित्र बाहेर जायचं. नाही हसली तर पुसायचं, पुन्हा काढायचं.

मग वॉल्टरनं बहिणीला चित्रं काढायची इलेक्ट्रिक पाटी आणून दिली आणि तिचा हात बदलला. लुगड्याची एकेक चौकड, गालावरची एकेक सुरकुती, कोंबडीचं पीसन् पीस. लिफ्टच्या स्टीलमध्ये मावशीचं प्रतिबिंबसुद्धा पडायचं. बघणारे वाढले. काय बारीक काम आहे, म्हणून लोक लिहू लागले. मावशी मात्र मोबाईल हातात घ्यायची, "छान हाय गो, कोंबडी झकास," म्हणायची आणि परत द्यायची. पदर जिथल्या तिथं. सबीनाला वाटलं, आपली गंमतच आटली. म्हणून ती आणखी बारीक काढू लागली, आणि मावशी छान म्हणाली तेच हसू धरून चित्रं बाहेर सोडू लागली.

एका शुक्रवारी गोष्टीतली कोंबडी हरवली. चारी चौकटींत म्हातारी ती शोधतेय; जिन्यात, गाडीखाली, सेक्रेटरीच्या डब्यात. मावशीनं मोबाईल घेतला, मान हलवली.

"छान. कोंबडी झकास काढलीस."

सबीनानं मोबाईल परत घेतला; त्या चित्रात कोंबडी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी ती मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसेल, मधलं दिसणार नाही. गेलेलं परत येत नाही, आहे ते जपायचं.

"बोलली का नाहीस?" रिक्षात सबीनानं विचारलं.

"तू रडली असतीस. आणि कोंबडी तर रोज असते. त्याच दिवशी मेली पळेल हे मला काय ठाऊक?"

सबीनानं कोंबडीचं एक जुनं चित्र बोटांनी ताणून मोठं करून दाखवलं. मोबाईलभर एकच पीस आलं. मावशी म्हणाली, "हा काय, झाडू?" तेव्हा मात्र सबीनाला भीती वाटली. तिची गोष्ट ज्या एका माणसाच्या हसण्यावर चालायची, त्याला ती आता दिसणारच नव्हती.

एप्रिलात मसाल्याचे दिवस आले. यांच्या ख्रिस्ती घरांत वर्षाचा मसाला बियरच्या बाटल्यांत दाबून भरतात. बाटल्या रिकाम्या करायचं काम वॉल्टर वर्षभर निष्ठेनं करायचा. गच्चीवर बाटल्या भरून झाल्या की नात्यातल्या कोणाची कुठली, त्याची खूण मावशी चुन्यात बोट बुडवून करायची.

"यंदा मी करते," सबीना म्हणाली.

"माझा हात नाय मोडला."

मान वाकडी करून, कोंबडी बघते तशी डोळ्याच्या कडेनं बघत तिनं बोट ओढलं. दोन मोठे कान, तो वॉल्टर. एक लाट, तो नदीकाठचा खडवलीचा नेविल. वर गच्च अंबाडा, ती टिटवाळ्याची ऑलिव्हिया. बाटल्या कठड्याखाली लागल्या आणि मावशी लांब खुर्चीवर जाऊन टेकली.

"अगो, वॉल्टरला उन्हात काय ठेवलंस? सावलीत सरकव त्याला."

सबीनानं बाटली उचलून बघितली: चुन्याचे नुसते दोन कान, आणि मावशीला ते तेवढ्या लांबून ओळखू आले होते.

खाली आली आणि पाटीवरचं चित्र पुसायला लागली. चौकडी गेल्या, सुरकुत्या गेल्या, लिफ्टची चमक गेली. लुगडं म्हणजे एक लाल ढीग, कोंबडी म्हणजे अंड्याला तीन फटकारे. सोपं नव्हतं ते. शंभर रेघांत एक चुकली तर लपते, पाचांत चुकली तर बोंब मारते. आठवडे गेले. मावशीला ती दाखवेना, मनासारखं होत नव्हतं म्हणून. बाहेर मात्र शुक्रवार चुकवला नाही, आणि लोक लिहू लागले: आधीचं किती सुंदर होतं, आता कंटाळा आला का?

"निदान चौकडी तरी ठेव," वॉल्टर म्हणाला. "माणसं चाललीत सोडून."

"जाऊ देत," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिचा चहा निवून गेला.

शेवटी एका शुक्रवारी तिनं मोबाईल मावशीच्या हातात दिला. म्हातारी पदराखाली कोंबडी लपवून लिफ्टमध्ये शिरते, सेक्रेटरी संशयानं बघतो. मावशीनं मान वाकडी केली. मोबाईल इकडे नेला, तिकडे नेला.

"हे काय गो?"

"काय?"

"नाक! माझं नाक एवढं हाय? वांग्याएवढं?"

सबीनानं वाकून बघितलं; मावशीचं बोट नेमकं नाकावर होतं.

"बरोबर काढलंय की," वॉल्टर आतून म्हणाला.

"गप रे! आधी तुझे कान बघ." बोलता बोलता तिची नजर चौथ्या चौकटीला लागली. सेक्रेटरीच्या चकचकीत बुटावर अंडं पडलं होतं. मावशीनं पदर तोंडात कोंबला.

सबीनानं चित्र बाहेर सोडलं. पुढच्या खेपेला नाक कमी कर, असं मावशीनं दोनदा बजावलं. पुढच्या शुक्रवारी सबीनानं ते थोडं वाढवलं.